न मागितलेलं बी

आमच्या वांगणीच्या महिपतीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण बावन्न सालापासून त्या रागाला कारणही मिळालं होतं. उन्हाळ्यात भात सरलं की त्याचं घर कणगरांवर चालायचं. कणगर म्हणजे मातीतला पिठूळ कंद, उकडला की पोट भरतो, आणि बी म्हणून कच्चा कंदच पुन्हा लावायचा. पण लागोपाठ तीन श्रावण करपा आला. पानं काळी पडली, वेल मांडवावरच वाळले आणि खाली निघाले बोराएवढे कंद. उल्हासनगरच्या बाजारातून नवी कणगरं आणून लावली, तीही करपली. बदलापूरच्या मेव्हण्याकडची आणली, ती तर सगळ्यांच्या आधी! "माझ्या नशिबालाच करपा लागलाय," म्हणून तो बायकोवर खेकसायचा.

पुढच्या श्रावणात तो डोंगरातल्या ठाकरवाडीत गेला होता. तिथं सगळ्यांचे वेल काळे, आणि म्हाताऱ्या नवसीच्या कुडावरचा एकटा हिरवागार. महिपतीनं पानं उलटून पाहिली. कुठं डाग नाही. त्याला नाचावंसं वाटलं.

सरळ बी मागून मोकळं व्हावं की नाही? पण आमच्याकडे दुसऱ्याच्या दारात 'बी' हा शब्द काढत नाहीत, त्या घरची लक्ष्मी जाते म्हणतात. एरवी कुणाला न जुमानणारा हा गडी नेमका तिथं रीत पाळायला गेला.

"नवसीबाय, काढशील तेव्हा थोडी कणगरं माझ्यासाठी राख."

"राखीन की, दादा."

मार्गशीर्षात तो पोतं खांद्यावर टाकून वाडीवर चढला. नवसीनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं, थोडा वेळ बसवून ठेवलं आणि मग आतून वाफाळती टोपली आणून पुढ्यात ठेवली.

"खावा दादा. नातवंडं रडली, पर एक दिलं नाय. तुमच्यासाठी राखलेली."

महिपतीच्या मस्तकात तिडीक गेली. पण ओरडणार कुणावर? कसाबसा म्हणाला, "मातीत काही उरलीत?"

"सगळी खणली. पावण्याला कमी नको, म्हणून लावायची ठेवलेली पन त्यातच उकडली."

त्यानं एक सोलून तोंडात टाकलं. कणगर गोड होतं, त्याचा त्याला आणखीच संताप आला.

नवसी समाधानानं बघत होती. "आमच्या लावणीची काळजी नको, दादा. तुमी वांगणीचं मोठं शेतकरी. वैशाखात तुमच्याकडनंच नेईन चार."