तोंड बघून नेमलेली बाई

तिसगावच्या वेशीबाहेर सरकारने देवीच्या साथीसाठी तट्ट्यांचं इस्पितळ उभारलं होतं, त्याच्या दमयंतीबाई हेडनर्स. इस्पितळ कसलं, तीन खोपटं आणि एक पाण्याचं पिंप! पण बाईंचा दरारा असा, की पाटीलसुद्धा बाहेर वहाणा काढून उभे राहायचे. बालविधवा, पुण्यात शिकलेल्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याची धडगत नसे.

लढाईचे दिवस. नगरहून लस यायची ती उन्हाने खराब होऊन. बाईंनी तारांवर तारा केल्या. उत्तर एकच, धीर धरा. "धीर काय चाटायचाय?" बाई करवादायच्या. हाताखाली दोन नर्सा, एकीच्या अंगावर पिणारं मूल, दुसरीचं लग्न ठरलेलं. लशीवाचून त्यांना आत पाठवणं म्हणजे जाणूनबुजून विहिरीत ढकलणं. बाईंना स्वतःला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून त्या एकट्याच आत राबायच्या. अशी आणखी माणसं मिळाली तर निभेल, असं त्यांनी ठरवलं. ज्याला एकदा येऊन गेल्या, त्याला पुन्हा येत नाहीत.

झालं! बाई आठवडेबाजारात उभ्या राहिल्या आणि भाजी सोडून माणसांची तोंडं निरखू लागल्या. मिरच्या विकायला बसलेली झुंबरबाई त्यांना दिसली. तोंडभर खोल वण. लग्न पाळण्यातलं, नांदायला न्यायची वेळ आली तेव्हा हे तोंड बघून सासरच्यांनी पाठ फिरवली, ती कायमची. पुणतांब्याचं माहेर बुडालं, आणि इथे चुलत भावाच्या दारी ती तुकडे मोडत होती.

भर बाजारात देवीचं नाव कोण घेतो? बाईंनी नुसतं आपल्या गालावरून बोट फिरवून विचारलं, "हे लहानपणचं ना?"

"व्हय बाई. लहानपनचंच हाय."

"मग चला. इस्पितळात काम आहे. भाकरी मिळेल, पगार मिळेल."

"मला? ह्या तोंडाला?"

"अहो, तोंड बघूनच नेमतेय तुम्हाला!"

झुंबरबाई इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. आजवर तिला तोंड बघून हाकललंच होतं सगळ्यांनी.

आणि काय राबली ती! कडुलिंबाच्या डहाळीने माशा वारायची, घाण काढायची, कण्हणाऱ्या पोरांना मांडीवर घेऊन चमच्याने दूध पाजायची. पोरगं तोंड फिरवायला लागलं, की आपला गाल पुढे करायची. "बघ, माजं बी तोंड असंच हाय. मी मेले का? मंग तू रं कशाला मरशील?" पोरगं टकमक बघायचं आणि दूध प्यायचं. दमयंतीबाई तोंडावर कुणाचं कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण झुंबरबाईच्या भाकरीवर लोणी ठेवायला त्या विसरायच्या नाहीत.

अखेर लस आली, तीही चिमूटभर. दोन्ही नर्सांना टोचलं, मग गावातल्या तान्ह्यांची रांग लागली. झुंबरबाईने हळूच दंड पुढे केला.

"मला बी टोचा की, बाई."

"तुम्हाला कशाला? देवीने तोंडावर शिक्का मारलाय की तुमच्या! एका तान्ह्याची जाईल ती."

सगळे हसले. झुंबरबाईही हसली. दंड पदराआड घेतला, आणि पुढचं तान्हं तिनेच मांडीवर घट्ट धरून ठेवलं.

पुढे ती तापाने फणफणली. जुन्या वणांच्या मधून नवे फोड उठले, तेव्हा दमयंतीबाई तिच्यावरच ओरडल्या, "असं होत नाही! दुसऱ्यांदा येत नाहीत!"

"दुसऱ्यांदा न्हाई, बाई. मला कवा आल्याच न्हवत्या." झुंबरबाईचा घसा बसला होता. "टोचनारा आला की बाप मला उसात लपवायचा. हे गुऱ्हाळातलं हाय. काईल उतरवताना उकळता गूळ उडाला तोंडावर."

"मग बोलला का नाहीत?"

"आदी मला ठावंच न्हवतं, तुमी कशापायी नेमलं ते. लस आली तवा कळलं. खरं सांगितलं असतं तर काढलं असतं तुमी."

"काढलंच असतं! जगला असता तुम्ही!"

"व्हय," झुंबरबाई म्हणाली, "मिरच्या इकत."

एक शब्द जास्त विचारला असता तर बाईंची काय जीभ झडली असती? आणि ती थट्टा! ती आठवली की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. पण आता करायला हातात होतं काय? चमच्याने दूध, ओला फडका, माशा वारणं. झुंबरबाई करायची तेच सगळं त्या करत राहिल्या.

बाजाराच्या आदल्या दिवशी झुंबरबाईने डोळे किलकिले केले. "बाई, आता तर खरंच आल्या ना मला? आता कुनी काढनार न्हाई ना?"

"नाही हो. कोण काढतंय तुम्हाला!"

तेवढं ऐकून ती गेली.

वाड्यावस्त्यांवरून आजाऱ्यांच्या गाड्या येतच होत्या. दोन्ही नर्सा आता आत होत्या तरी हात पुरत नव्हते, आणि लस केव्हाच संपली होती. दमयंतीबाई पुन्हा बाजारात गेल्या. वणांच्या तोंडाची एक बाई शेंगा विकत होती. या वेळी त्यांनी आडपडदा ठेवला नाही. भर बाजारात, चार माणसं वळून बघतील अशा आवाजात विचारलं, "देवीच होत्या ना? नक्की देवीच?"

ती बाई घाबरली. "तसंच म्हनत्यात, बाई. मी लई ल्हान हुते. मला काय आठवतंय?"

दमयंतीबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिकडे पोरं दुधासाठी खोळंबली होती.

"चला," त्या म्हणाल्या, पण त्यांचाच पाय उचलेना.