दळण जाडंच ठेव!

आमच्या फार्मवर सकाळी घाण उचलली, की संध्याकाळी परत तेवढीच जमलेली असते. किश्श्यांचंही तसंच. एक सांगून हात धुवावेत, तर मागे दुसरा तयार! खरं तर मी फार बोलणारा माणूस नाही. आठवीत शाळा सोडली आणि पुढे शेलार गावात दामूकाकांच्या डुकरांच्या फार्मवर दळणाच्या कामाला लागलो. पण नव्वद सालाच्या आसपासचा तो एक महिना कुणी आठवून दिला, की मलासुद्धा बोलायला जमतं.

*

सुरुवात झाली सोन्यापासून. सोन्या म्हणजे आमचा सगळ्यात दांडगा नर. संध्याकाळी पोटभर खाल्लं आणि सकाळी आडवा! अंगावर ओरखडा नाही, तोंडाला फेस नाही. फक्त कान कागदासारखे पांढरेफटक.

"साप चावला आसंल," काका म्हणाले.

गुरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी पोट फाडलं आणि मी भिंत धरली. आत खाद्य कमी, गोठलेलं रक्तच जास्त! अन्ननलिका जठरात उतरते तिथे रुपयाएवढी जखम.

"अल्सर," डॉक्टर म्हणाले.

"डुकराला?" काका ओरडलेच. "अहो डॉक्टर, अल्सर मला हाय! नोकरीत जन्मभर साहेबाच्या शिव्या खाल्ल्या मी. यानं काय खाल्लं?"

"तेच बघायचंय," डॉक्टर म्हणाले. "खाद्य दाखवा."

*

मी मोठ्या अभिमानाने पोतं उघडलं. डॉक्टरांनी चिमूटभर खाद्य तळहातावर घेतलं आणि फुंकर मारली. सगळं उडून गेलं!

"ही काय टाल्कम पावडर आहे? इतकं बारीक खाल्लं की पोटात त्याची नुसती पेज होते. ॲसिड वर चढतं आणि जठराचं तोंड सोलून काढतं. दळतं कोण?"



"मी," मी म्हणालो. "एकदा दळून झालं, की... की परत एकदा घालतो. लवकर पचावं म्हणून."

डॉक्टर माझ्यावर बरसणार, तेवढ्यात काका खाकरले. "चक्कीची जाळी मी बदलली हाय. दिवाळीच्या टायमाला. बारीक भोकांची बसवली. याला बोललो न्हाय."

मी काकांकडे वळलो, तर दारातून काकूंचा आवाज आला, "आन् दुपारी मी चाळते. कोंडा कोंबड्यांना टाकते. बिचाऱ्यांना टोचायला नको!"

तिघांनी! एकमेकांना न सांगता!

डॉक्टर पोत्यावर बसले. "आणि घरी भाकरीचं पीठ कसं असतं तुमच्या?"

"जाडंभरडं," काकू म्हणाल्या. "आम्हाला चालतं."

*

सोन्या गेला तो गेला, पण आता राणीचेही कान पांढरे पडायला लागले. राणी गाभण होती. कोपऱ्यात उभी राहून नुसती दात खायची. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "घाण डांबरासारखी काळी आहे, म्हणजे आतून रक्त चालू आहे. रंग उघडला तर वाचली. नाही उघडला, तर मला बोलावू नका."

राणी गेली, तर चक्कीला परत हात लावायचा नाही, काल्हेरला गोदामात हमाली करायची, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. कुणाला बोललो नाही.

*

जाळीची भोकं मोठी करायला मी निजामपुऱ्यात सलीमभाईंकडे गेलो. सलीमभाई लूमचे फिटर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. जाळी कशाची ते मी कानात सांगितलं. ते दोन पावलं मागे सरले, तोबा तोबा म्हणाले, आणि अर्ध्या तासात जाळी करून दिली!

पण पुढे मी गल्लीतून दिसलो, की लूमच्या खडखडाटात ओरडून विचारायचे, "क्यों सुनील, तुम्हारी बीमार ने कुछ खाया?" जनावराचं नाव काही तोंडातून निघायचं नाही.

शेजारचे म्हातारे चाचा हे रोज ऐकायचे. एक दिवस त्यांनी डझनभर केळी माझ्या हातात ठेवली. "अम्मी को खिलाओ बेटा. पेट को ठंडक मिलेगी."

आता काय सांगणार!  सलीमभाई लूमच्या मागे जाऊन खाली बसले.

राणीने ती केळी सालीसकट खाल्ली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिने तोंड उघडलं होतं.

*

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: खाणं वेळेवर, उपास नाही, आरडाओरडा नाही, सोबत हिरवा पाला. काकूंनी तो कागद गोठ्यात लावला आणि त्याची नक्कल स्वयंपाकघरात. काका दुपारी जेवण टाळून चहावर भागवायचे ना!

"राणीला एक न्याय आणि तुम्हाला दुसरा?"

"मंग पाला पण वाढ!" काका चिडले.

"वाढलाय," काकू म्हणाल्या. ताटात माठाची भाजी होती.

*

आणि मग तो रविवार. मला बघायला एका मुलीचे वडील येणार होते. याआधीचे दोघे 'डुकरांत काम करतो' एवढं ऐकूनच परतले होते. म्हणून काकूंनी बजावलं, "तू नुसतं फार्म म्हण. कसला, ते मी हळूच सांगीन."

पाहुणे ओट्यावर बसले. पांढरा कडक शर्ट, मांडीवर पोह्यांची बशी. काकूंनी घसा साफ केला. "आमचा सुनील आहे ना..."

"सुन्या!" काका गोठ्याकडून धावत आले ते फावडं घेऊनच. "उघडला रं! रंग उघडला!" आणि त्यांनी फावडं पाहुण्यांच्या पायांशी टेकवलं.

काकूंनी तोंडावर पदर घेतला. मी खाली वाकलो. फावड्यावरच्या घाणीत काळी रेघसुद्धा नव्हती. "काका, राणी वाचली!" मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो.

मग एकदम लक्षात आलं, की पाहुणे बसलेत.

पाहुण्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

"फावडं जरा उजेडात धरा बघू," ते म्हणाले.