भाचीच्या लेहंग्याला जोडलेली आत्या

आमच्या घराण्यात सगळ्यात जास्त वर्षं राबलेली बाई मी आहे, आणि घरच्यांच्या मते मला अजून कामधंदा मिळालेला नाही.

सुरुवात साड्यांना फॉल लावण्यापासून झाली. मग शाळांचे गणवेश शिवले. मग इचलकरंजीच्या एका कारखान्यात कटिंगला लागले. रोज एसटीनं जायचं आणि दिवसभर शर्टांच्या कॉलरी कापायच्या. पुढं शूटिंगवाल्यांकडं कपडे सांभाळले. (एका ऐतिहासिक मालिकेतल्या सगळ्या फौजेचे अंगरखे माझ्या हातचे. जेवणाच्या सुट्टीनंतर तीच फौज तेच अंगरखे उलटे घालून शत्रूकडून लढायची!) नंतर राजारामपुरीत बुटिक काढलं, आणि आता बुटिक सांभाळून एका कॉलेजात पोरींना फॅशन डिझायनिंग शिकवते. पोरी मला मॅडम म्हणतात. आमच्या दादाला मात्र कुणी विचारलं, "बहीण काय करते?" की तो सांगतो, "काय न्हाई, घरीच असते. शिवत-बिवत असते कायतरी."

दादाची शिरोलीला फौंड्री आहे. लोखंड वितळवलं की तो धंदा, आणि कापड कापलं की तो विरंगुळा. असो.

तर या दादाच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. एकुलती एक भाची! मी मनातल्या मनात तिचा लेहंगा कापून, शिवून, इस्त्रीसुद्धा करून ठेवला होता. एक दिवस वहिनींचा फोन आला.

"वन्सं, रिसेप्शनचा लेहंगा पुण्याला टाकलाय बरं का."

"पुण्याला? का, कोल्हापुरातल्या सुया मोडल्या व्हय?"

"तसं न्हाई हो. लई मोठी डिझायनर हाय ती. भेटायला अपॉइंटमेंट लागती."

"मग मी कोण?"

"तुम्ही घरच्या की!"

घरची असणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा तोटा. मी फोन ठेवला आणि ठरवलं, या लग्नात सुईला हात लावायचा नाही. नुसतं नटायचं, बसायचं, जेवायचं आणि यायचं. त्याप्रमाणे रिसेप्शनला हिरवीगार इरकल नेसले. तिचा पदर लालभडक, पांढऱ्या पट्ट्यांचा. लांबून बघितलं तरी माणूस थांबेल असा. पुढच्या रांगेत खुर्ची धरली आणि ज्यांना अपॉइंटमेंटशिवाय भेटता येतं अशा बायकांशी गप्पा मारत बसले.

एवढ्यात दादा आला. घामानं सूट ओला झालेला.

"कुसे, ऊठ."

"काय झालं?"

"चेन गेली!"

"अगं बाई! कुणाची? किती तोळ्याची? पोलिसांना सांगितलंस का?"

"लेहंग्याची चेन गं, खुळे! हळू बोल की!"

आणि हाताला धरून त्यानं मला नवरीच्या खोलीत ओढत नेलं. पर्स खुर्चीवर राहिली. चष्मा पर्समध्ये राहिला. खोलीत ऋतुजा कंबर धरून उभी होती. फिकट गुलाबी लेहंगा, त्यावर आरशांचं काम, आणि बाजूची चेन वरपासून खालपर्यंत उघडलेली. वहिनी पुण्याला फोन लावत होत्या. पुण्याचा फोन लागत नव्हता. (अपॉइंटमेंट घेतली नसेल!)

"आत्या, कायतरी कर ना," ऋतुजा रडायच्या बेतात होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. नको त्या वेळी झाला, पण झाला. मी चाचपून पाहिलं, चेन स्वस्तातली होती, आणि शिवणीत आत कापडच सोडलेलं नव्हतं. आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरीनं असं काम केलं असतं तर मी तिला उसवायला लावलं असतं.

"हे दुरुस्त होणार नाही," मी म्हटलं. "अंगावरच शिवायला लागणार."

"मग शीव की! साहेब गेटवर आलेत!" दादा ओरडला. साहेब म्हणजे कुणीतरी पुढारी. ते येणार, आशीर्वाद देणार आणि लगेच पुढच्या लग्नाला जाणार होते.

वहिनींच्या बॅगेत सुई-दोरा मिळाला, कात्री मिळाली नाही. मी जमिनीवर फतकल मारली आणि दुहेरी दोरा ओवून (म्हणजे ऋतुजानंच ओवून दिला, मला भोक दिसत नव्हतं) शिवायला सुरुवात केली. वरून दादा, "झालं का?" वहिनी, "पुण्याची रिंग वाजतीय!" बाहेर माइकवरून, "नवरदेव मंचाकडे प्रस्थान करीत आहेत!" मी अशी घट्ट टीप मारली, अशी घट्ट, की हत्ती बांधला तरी निघू नये. गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "जा!"

ऋतुजा निघाली. तिच्यामागून मीही निघाले. मला जायचं नव्हतं, पण माझा पदर निघाला होता.

"आत्या, ओढू नकोस ना!"

"मी कुठं ओढतेय? तूच ओढतीयेस!"

वहिनींनी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. लेहंग्याच्या शिवणीत माझ्या इरकलीचा लालभडक पदर व्यवस्थित, एकसारख्या टाक्यांनी, कायमचा बसला होता!

"उसव," दादा म्हणाला.

"उसवलं तर लेहंगा खाली येईल."

"मग काप!"

"कशानं? दातानं?"

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं, गाणं लागलं, धुराचं यंत्र सुरू झालं, दोन्ही बाजूंनी कारंज्यासारखे फटाके उडाले. दादानं आम्हा दोघींना मागून ढकललं. त्या धुरातून नवरी बाहेर आली आणि तिच्या कंबरेला लागून, खोकत खोकत, मी. डोक्यावर ड्रोन फिरत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींना वाटलं असेल, अशी नवीन पद्धत निघाली असेल.

स्टेजवर नवरा, नवरी आणि मी असे तिघं उभे राहिलो. आहेर घेऊन माणसं यायला लागली. फोटोग्राफर पहिल्यांदा गोड बोलला, "मावशी, जरा बाजूला." मी बाजूला झाले. नवरीही बाजूला झाली. "मावशी, तुम्ही एकट्याच हो!" मी एकटी होऊ शकत नव्हते. शेवटी तो वैतागला आणि मला म्हणाला, "मग निदान हसा तरी!"

साहेब आले. त्यांनी नवऱ्याच्या हातात गुच्छ दिला, नवरीला नमस्कार केला आणि घाईत माझ्या डोक्यावरही अक्षता टाकल्या.

त्यांच्यामागून नवऱ्याची आई आली. सांगलीची, बोलायला मऊ. लग्नाच्या गर्दीत तिची-माझी ओळख व्हायची राहूनच गेली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, पदराकडं बघितलं आणि दादाला विचारलं, "ह्या कोण हो?"

दादानं तोंड उघडलं. मी हात जोडायच्या तयारीत होते.

"ह्या व्हय? ह्या ड्रेसवाल्या. डिझायनरनं पाठवल्यात. ड्रेस सांभाळायला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. फटाक्यांनी कान बसले असतील. मी ऋतुजाकडं बघितलं. लहानपणी हिचा एकेक फ्रॉक मी शिवलाय. ती हातावरची मेंदी बघत होती. ओठ न हलवता पुटपुटली, "आत्या, आज नको ना. प्लीज."

मग जोडायला उचललेले हात मी खाली घेतले. कोल्हापूरची बाई, भर स्टेजवर, गप्प! विहीणबाई मात्र खरंच भल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दमला असाल. तुमच्या लोकांचं जेवण मागं लावलंय, बँडवाल्यांच्या शेजारी. लाजू नका हं."

"फिटिंग मात्र सुरेख बसलंय," त्यांची बहीण म्हणाली.

"बसणारच की," दादा म्हणाला, "पुण्याचं हाय!"

मी शिवणीवर हात धरून उभी राहिले. तेवढंच माझ्या हातात होतं.

रांग संपल्यावर आचाऱ्याकडून कांदे कापायची सुरी मागवली. लेहंग्याला धक्का लागू द्यायचा नाही असं सगळ्यांचं एकमत होतं, तेव्हा कापला तो माझा पदर. मीच कापला, आणि सरळ कापला. हाताला सवय आहे. ऋतुजा कंबरेला लाल तुकडा लटकवून गाडीत बसली आणि सासरी गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. विहीणबाईंना नवल वाटलं असेल, ड्रेसवालीवर पोरीचा केवढा जीव!

दादा नंतर माझ्याजवळ आला. "मनाला लावून घेऊ नगंस कुसे. पावणं काय म्हणाले असते? घरच्याच बाईला राबवून घेतली म्हणाले असते. बरं दिसतंय व्हय?"

मी बँडवाल्यांच्या शेजारी बसून जेवले. क्लॅरिनेटवाल्यानं मला आग्रह करून आणखी एक जिलेबी वाढली. त्या दिवशी मला आग्रह करणारा तेवढाच.

काही आठवड्यांनी बुटिकमध्ये एक गिऱ्हाईक आलं. बाईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. पुण्याच्या त्या डिझायनरच्या पानावर ऋतुजाचा फोटो होता. गाडीत बसताना ती वळून बघतेय आणि कंबरेवरून लाल, पांढऱ्या पट्ट्यांचा तुकडा वाऱ्यावर उडतोय. खाली लिहिलं होतं, "परंपरेला दिलेला आमचा आधुनिक स्पर्श." त्याखाली कौतुकाचा नुसता पाऊस! ("किती धाडसी कल्पना!" हे आमच्याच वहिनींनी लिहिलं होतं.)

"अस्संच पाहिजे," बाई म्हणाल्या. "जमेल का तुम्हाला?"

"प्रयत्न करते," मी म्हटलं.

जीव ओतला हो. तसाच गुलाबी रंग, तशीच इरकल, चष्मा लावून, भरपूर उजेडात, मापं घेऊन, कागदावर आखून. बाई आल्या, घालून बघितलं, आरशापुढं दोन्ही बाजूंनी वळल्या आणि तोंड वाकडं केलं.

"त्यांच्यासारखं न्हाई झालं हो. त्यांचं कसं, चुकून अडकल्यागत वाटतंय. तुमचं नुसतं शिवल्यासारखं दिसतंय."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले, "पुण्याचा हातच वेगळा!" आणि उसवायला बसले.