हळद लावलेले गुडघे

माझी शाळा चौथीत सुटली. तोंड मात्र कधी बंद राहिलं नाही, त्याचीच ही गोष्ट.

लेकीच्या पोराचं बारसं आमच्या घरी होतं. लेकीचे सासरे, म्हणजे आमचे इवाई, भरल्या पंगतीत म्हणाले, "आता वय झालं तुमचं, इवाई. वांग्याच्या वावरात वाकणं सोडा, ओट्यावर बसा." त्यांचं मंगरूळपीरला बियाण्याचं दुकान. दिवसभर गादीवर बसणारा माणूस मला बसायला सांगतो! मी हातातली बुंदी ताटात ठेवली आणि म्हणालो, "वाशीमले मॅरेथॉन हाये. दहा किलोमीटर धावून दाखवतो."

"तुमी धावले त मी बी तुमच्या जोडीनं धावतो!" इवाई म्हणाले.

पंगत हसली. सुनेनं तिथंच मोबाईलवर माझं नाव टाकलं. बुंदी काही मग गोड लागली नाही.

धावण्याची भीती नव्हती. भीती होती ती मधातच बसकण मारायची. बैल बसला तर गावभर बोभाटा होतो. मी बसलो असतो तर लेकीच्या सासरी जन्मभर झाला असता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला माझी बायको, आमची म्हातारी, वाटीत तूप-हळद घेऊन आली आणि माझे गुडघे चोळू लागली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे असेच शेकतो.

"मी का बैल हावो?"

"बैलाले सांगतलं त समजते," ती म्हणाली. आणि बैलांना म्हणतात तेच माझ्या कानाशी म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सून आतून खिदळली. पण चोळल्यावर बरं वाटलं, म्हणून वाटीतलं उरलेलं मी गुपचूप पोटऱ्यांनाही लावलं.

सकाळी ती हळद निघेना. साबण लावला, राख लावली. पाय नवरदेवाचे असावेत तसे पिवळेच. सुनेनं धावायला चड्डी आणली होती. मी पायजमा चढवला.

"बाबा, उकडन ना!"

"मले थंडी वाजून राह्यली."

खोटं नव्हतं, दात वाजतच होते. त्यात उंबरठ्यापर्यंत गेलो की पोट मागं बोलवायचं. म्हातारी दारात उभी.

"काहून हो, भेव वाटून राह्यलं काय?"

"भेव कायचं? कालचं वांगं बाधलं."

स्वतःच्या वावरातल्या वांग्याला मी जन्मात पहिल्यांदा नाव ठेवलं.

वाशीमला मैदानावर पोरंपोरी उड्या मारत होती. भोंग्यावरून एक पोरगी सगळ्यांना हात वर करायला सांगत होती. मी एकच केला. दुसऱ्या हातात पायजम्याची नाडी होती. मनात एकच घोकत होतो, इवाई न येवोत. ते आलेच नाहीत, तर हरले तेच. मग मी कुठं बसलो हे कोण विचारतो?

आले. नवे बूट, छातीवर नंबर, अंगात फुलपँट आणि तोंड उतरलेलं.

"तब्येत कशी हाये?" मी विचारलं.

"फस्क्लास. तुमची?"

"एकदम."

थोडं थांबून ते हळूच म्हणाले, "वावरात काम असन त जा, इवाई. मी काही मनात आणत नाही."

"तुमाले दुकान उघडाचं असन."

"आज बंद हाये."

घाम पुसत इवाई बुटाची दोरी बांधायला वाकले आणि त्यांची फुलपँट वर सरकली. पोटरी पिवळीधम्मक! मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"इनबाईनं?" आमच्या विहीणबाईंचा हात मी ओळखला.

"आवतन बी देल्लं," ते खाली मान घालून म्हणाले.

मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर गुंडाळला. इवाई जे हसायला लागले ते दोरी बांधायचंच विसरले. मीही हसलो. मग त्यांनीही फुलपँट दुमडली. बाजूची पोरं आमच्याकडे पाहून फोटो काढू लागली. काढा म्हटलं.

शिट्टी वाजली. पोरं पाखरांसारखी उडाली. मीही मुसंडी मारणार, तर इवाईंनी माझी बाही धरली.

"जोडीनं चाला, इवाई. एक बैल ओढत सुटला का दुसरा बसते."

"पाहू कोण बसते ते!" मी म्हणालो.

पण पाऊल त्यांच्या पावलाशी जुळवूनच टाकलं.