तिसरा आग्रह

हार्लन टॉलेफसनने उभ्या आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात घेतली नाही. कॉफी नाही, खजुराची वडी नाही, नोकरीसुद्धा नाही. जिल्ह्याच्या रस्ते खात्याने बर्फ काढायच्या ट्रकवर ये म्हणून सांगितलं, तेव्हा हा म्हणाला, "नको, माझ्यापेक्षा चांगले मिळतील." नशीब, साहेब इथलाच, नॉर्वेजियन आजोबांचा नातू. त्याने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं, आणि तेव्हा कुठे हार्लन म्हणाला, "बरं, तुमचं अडत असेल तर येतो."

आमच्या मिनेसोटाच्या या पट्ट्यातला रिवाजच आहे हा. पहिला आग्रह तोंडदेखला, दुसरा चाचपणीचा, तिसरा खरा. पहिल्यालाच "हो" म्हणणारा एकतर चार दिवसांचा उपाशी असतो, नाहीतर शिकागोचा. चर्चच्या तळघरात ताटलीत उरलेली शेवटची वडी कुणीतरी सुरीने अर्धी करतो, दुसरा त्या अर्धीची अर्धी करतो, आणि शेवटचा कण उंदराला जातो. पण "मी खाऊ का?" म्हणणारा मायेचा पूत आमच्या गावात अजून जन्माला यायचाय.

तर असा हा हार्लन. त्याची बायको आर्डिस. लग्नाआधी ती लुंडगार्डच्या कॉलेजात दोन वर्षं होती, तिथल्या गायनवृंदात गायची. मग वडिलांची पाठ मोडली, गाईंचं दूध काढायला माणूस उरला नाही, आणि आर्डिस घरी आली ती आलीच. लुंडगार्डच्या वृंदाचं नाताळचं गाणं दर डिसेंबरात रेडिओवर लागतं. आर्डिस बटाट्याच्या पोळ्या लाटता लाटता ते ऐकायची. हार्लन त्या वेळी कुठल्यातरी रस्त्यावर बर्फाशी झुंजत असायचा. पण मागच्या डिसेंबरात तो नेमका घरी होता, आणि आर्डिसने पीठभरल्या हाताने गाण्याच्या मध्येच रेडिओ बंद केला.

"बंद का केलास गं?"

"पुरे झालं स्वयंपाकघरातून ऐकणं," ती म्हणाली, आणि लाटायला लागली.

तुमच्याकडे बाई असं बोलली तर कुणी मान वर करणार नाही. आमच्याकडे ही किंकाळी समजतात. हार्लनचा घास तोंडाशी थांबला. वसंतात तो निवृत्त होणार होता. त्याने मनाशी पक्कं केलं, की पुढच्या हिवाळ्यात हिला तिथे न्यायचंच. शुक्रवारी जायचं, शनिवारी गाणं ऐकायचं, रविवारी परत. हे एवढंही जमलं नाही, तर आपण नवरा म्हणून केलं तरी काय, असं त्याला मनापासून वाटलं.

ऑक्टोबरात त्याने रीतसर तीन वेळा विचारलं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "कशाला उगीच?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "थंडीत? राहू दे." तिसऱ्या दिवशी, "बरं, तुझं इतकंच मन असेल तर," म्हणाली आणि त्याच दुपारी कपाटातला निळा कोट काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवला. गाणं डिसेंबरात, कोट ऑक्टोबरात! हार्लन येता-जाता त्या कोटाकडे बघायचा आणि कामाला लागायचा.

आणि काय कामाला लागला म्हणता! चार तासांचा रस्ता, पण स्वारी निघाली होती जणू उत्तर ध्रुवावर. गाडीत दोन फावडी, वाळूचं पोतं, लोकरीची चार पांघरुणं, आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात मेणबत्ती, म्हणजे गाडी बर्फात रुतली तरी बोटं गळून पडायची नाहीत. वाटेतला अर्धा रस्ता पलीकडच्या जिल्ह्याचा. त्यांच्यावर हार्लनचा काडीचा भरवसा नव्हता. "ते लोक बर्फ काढत नाहीत, कुरवाळतात," तो म्हणायचा. म्हणून नोव्हेंबरात एका मंगळवारी हा एकटाच लुंडगार्डला रंगीत तालीम करून आला. चार तास जाणं, चार तास येणं. सगळी वळणं बघितली, पूल बघितले, चर्चसमोरच्या हॉटेलापुढे गाडी थांबवून त्याची दोन्ही दारं बघितली.

"मग खोली सांगून आलास?" आर्डिसने विचारलं.

"छे! अचानक समोर जाऊन उभं राहायचं म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होतं. फोन करीन."

फोन त्याने दोन आठवड्यांनी केला. पलीकडून एका मुलीचा टवटवीत आवाज आला. ती कॉलेजात शिकत होती, हॉटेलात फावल्या वेळात काम करत होती. मूळची ॲरिझोनाची, थंडीने तिची कशी दैना झालीय हे तिने न विचारताच सांगितलं. तेव्हाच हार्लनने सावध व्हायला हवं होतं.

"गाण्याच्या आठवड्यात ना, सर? नशीबवान आहात. एकच खोली उरलीय. तुमच्या नावाने ठेवू?"

"एकच? अरेरे. मग नको, कुणा गरजूला लागेल."

"नक्की का, सर?"

"हो हो. आमच्यापायी कशाला त्रास."

आता हार्लन तिसऱ्या आग्रहासाठी तयार होऊन बसला. "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर," हे वाक्य जिभेवर येऊन उभं होतं.

"बरं सर! कळवल्याबद्दल थँक्यू. दिवस छान जावो!"

फोन बंद झाला. हार्लन तसाच धरून उभा राहिला, जणू ती पोरगी शिष्टाचार आठवून परत येणार होती. संध्याकाळी धीर करून त्याने पुन्हा फोन लावला, तेव्हा खोली गेलेली होती. गावातली बाकीची हॉटेलं तर उन्हाळ्यातच भरलेली. गाण्याची तिकिटं मात्र खिशात होती. ती आमच्या गावच्या चर्चच्या वाट्याची, आणि पाद्रीबाईंनी तिसऱ्या आग्रहाला त्याच्या खिशात कोंबलेली.

आता शहाण्या माणसाने काय करावं? बायकोला सांगावं. हार्लनने गाडीत तिसरं फावडं टाकलं. मुक्कामाला छप्पर नाही, आणि हा रोज टायरची हवा तपासतोय, थर्मास धुतोय. आर्डिस खुंटीवरचा कोट ब्रशने झटकायची, आणि हार्लन "तेल बघून येतो" म्हणून बाहेर पळायचा.

शेवटी धान्याच्या कोठारावरचा गेलॉर्ड कॅफेत भेटला. शाळेपासूनचा दोस्त. हार्लनचा उतरलेला चेहरा बघून त्याने सगळं काढून घेतलं.

"अरे, मग त्यात काय! माझी बहीण व्हर्ना लुंडगार्डलाच राहते. वरची खोली रिकामी पडलीय. राहा तिथे."

"नको रे. तिला कशाला तसदी?"

"तसदी कसली? ती एकटी कंटाळलेली असते. बोलू का तिच्याशी?"

"नको नको, बघतो मी काहीतरी."

गेलॉर्डने तोंड उघडलं. तिसरा आग्रह आता येणार, अगदी दातांपर्यंत आला, तेवढ्यात कॅफेवाली ट्वायला कॉफीची किटली घेऊन टेबलाशी येऊन उभी राहिली.

"गेलॉर्ड, घालू का अजून?"

"नको गं, पुष्कळ झाली."

"थोडी?"

"नको, दुसऱ्यांना लागेल."

"अरे, घे की मेल्या!"

"बरं, तू घातलीच आहेस तर," गेलॉर्ड म्हणाला, आणि कप उचलून मासेमारीच्या गप्पांवर गेला. तळ्यावर बर्फ किती जाड झालाय हे त्याने बैजवार सांगितलं. हार्लन मान डोलवत राहिला. खोलीचा विषय काही परत निघाला नाही.

घरी आल्यावर त्याला राहवेना. आर्डिस प्रवासासाठी सँडविचं कशाकशाची करायची ते ठरवत होती.

"आर्डिस, खोली नाहीये."

"म्हणजे?"

त्याने सगळं सांगितलं. ॲरिझोनाची पोर, ट्वायलाची किटली, काही सोडलं नाही. आर्डिसने सुरी खाली ठेवली.

"एकच खोली उरली होती, ती देत होती, आणि तू नको म्हणालास?"

"दोनदाच म्हणालो गं! तिने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. काय पोरं असतात हल्लीची!"

त्याला वाटलं ती चिडेल. ती खुर्चीत बसली आणि खुंटीकडे बघत राहिली.

"मी कॉलेज सोडून आले ना," ती म्हणाली, "तेव्हा आमचे वृंदाचे सर इथे गोठ्यापर्यंत आले होते. फी माफ करतो म्हणाले, गाईंसाठी गडी ठेवायला मदत करतो म्हणाले. बॉस्टनचे होते. मी दोनदा नको म्हटलं. त्यांनी टोपी घातली, 'तुझ्या इच्छेचा मान राखतो' म्हणाले, आणि गेले. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी बादली घेऊन उभी होते, हार्लन. वाटलं, तिसऱ्यांदा विचारायला वळतील."

"हे कधी बोलली नाहीस तू."

"तूही कधी तिसऱ्यांदा विचारलं नाहीस. दोनदा विचारायचास, कॉलेज सोडलं त्याचं वाईट वाटतं का म्हणून. मी नाही म्हणायचे, आणि तू बातम्या लावायचास."

हार्लनने टोपी उचलली, गाडी काढली आणि थेट धान्याच्या कोठारावर गेला.

"गेलॉर्ड, तुझ्या बहिणीची खोली मला पाहिजे."

"पाहिजे?" गेलॉर्ड दोन पावलं मागे सरला. याने जणू त्याची किडनी मागितली होती. "लेका, तू बरा आहेस ना? डॉक्टर काही म्हणाले का?"

"बरा आहे. खोली पाहिजे. दोन रात्री. आताच फोन कर."

गेलॉर्डने मुकाट्याने फोन लावला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की टॉलेफसनांच्या हार्लनच्या डोक्यावर परिणाम झालाय, निवृत्तीनंतर होतं असं काही जणांचं.

दोघं लुंडगार्डला गेले. रस्ता कोरडा खडखडीत होता, तीनही फावडी मागे आपटत राहिली. व्हर्नाने पहिल्याच दिवशी जेवणाचा आग्रह तीनऐवजी पाच वेळा केला, एकटी राहून बिचारीचा हिशोब बिघडला असावा. शनिवारी संध्याकाळी चर्च गच्च भरलं. आर्डिसने निळा कोट मांडीवर घेतला आणि अख्खा कार्यक्रमभर पापणी हलवली नाही. हार्लनच्या मते गाणं "वाईट नव्हतं", आणि कौतुकाची यापुढची पायरी त्याच्याकडे नाही.

शेवटच्या गाण्याआधी वृंद चालवणारी तरुण बाई लोकांकडे वळली. बोलण्यावरून कॅलिफोर्नियाची वाटत होती.

"पूर्वी कधी या वृंदात गायलेलं कुणी इथे असेल तर पुढे या. शेवटचं सगळे मिळून गाऊ."

हार्लनने मनात हिशोब मांडला. कॅलिफोर्नियाची! ही एकदाच विचारणार. म्हणजे उरलेले दोन आग्रह आपल्यालाच करायला हवेत, आणि तेही झटपट. "आर्डिस, जा की," म्हणायला तो वळला.

शेजारची जागा रिकामी होती. कोट त्याच्या मांडीवर पडला होता. आर्डिस लोकांच्या गुडघ्यांना धडकत, कुणालाही "माफ करा" न म्हणता, रांगेच्या पार टोकाला पोचली होती.

ती मागच्या रांगेत विशीतल्या पोरींच्या मध्ये उभी राहिली, आणि गाणं सुरू झालं. हार्लनला त्यातला तिचा आवाज ओळखू येईना. इतकी वर्षं एका घरात राहून तो त्याने कधी नीट ऐकलाच नव्हता. तो कान देऊन शोधत राहिला, आणि तिसऱ्या ओळीला त्याला तो सापडला.

पलीकडच्या खुर्चीतल्या अनोळखी म्हातारीने त्याच्याकडे बघून पर्समधला रुमाल पुढे केला.

"हवाय का?"

"हो," हार्लन म्हणाला. "द्या."