ताईची झोप आणि माझं आंदोलन

ताईला झोप लागत नव्हती, आणि हा प्रश्न सुटायचा असेल तर आधी समाजव्यवस्था बदलली पाहिजे, असं माझं ठाम मत होतं.

मी तेव्हा विशीत होते आणि पत्रकांवर वाढले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी दिसेल त्या मोर्चात जायचे आणि खिसे भरून पत्रकं घरी आणायचे. बाकीची लेकरं ‘अ अननसाचा’ घोकत होती, तेव्हा मी ‘अ अन्यायाचा’ घोकत होते. त्यामुळे मला साधं बोलताच येत नसे. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी ताटावरून उठून निषेध नोंदवायची. (ताट मात्र आधी रिकामं करायची.)

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमचं घर जवळा बाजारला. त्या हिवाळ्यात शारदाताई पहिल्या बाळंतपणाला जिल्ह्यातल्याच गोरेगावहून माहेरी आली, ती डोळ्यांखाली काळं घेऊनच. पोटरीत गोळे यायचे, छातीत जळजळायचं, लघवीला सारखं उठावं लागायचं, आणि जरा डोळा लागला की पोटातलं लेकरू लाथ मारून तिला उठवायचं. एवढं निसर्गानं केलं. उरलेलं आम्ही केलं.

आई लहानपणीच गेल्यानं आम्हा दोघींना आत्यानं वाढवलं होतं. घराचा कारभार तिचाच. तिचे नियम दोन. पोटुशीनं दिवसा निजायचं नाही; लेकरू सुस्तावतं आणि बाळंतपण अडतं. आणि रात्री कूस बदलायची तर पडल्या पडल्या नाही. आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या कुशीवर निजायचं. नाहीतर लेकराच्या गळ्यात नाळ पडते! ताई झोपेत हा नियम मोडेल म्हणून आत्या तिच्या बाजेला टेकून निजायची आणि आपल्या पदराचं टोक ताईच्या बांगड्यांना बांधायची. ताई जरा हलली की पदर ओढला जायचा आणि अंधारातून आवाज यायचा.

“बसलीस का?”

“बसले, आत्या.”

“मंग वळ आता.”

ताई वळायची. आत्या घोरायची. ताई आढ्याकडं बघत पडायची.

मी हे सहन करणं शक्यच नव्हतं. “आत्या, ह्याला शास्त्रीय आधार काय?” मी विचारलं.

“तुहं शास्त्र ठेव तिकडं. कधी बाळंत झालीस व्हय तू?”

वादात आमचा पक्ष इथे नेहमी कमजोर पडायचा.

पण हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला हत्यार दिलं. त्या ताईला म्हणाल्या, “शक्यतो कुशीवर झोपा. डावी कूस बरी. दुपारीही जरा पडत जा.” एवढंच. त्यातला ‘शक्यतो’ मी हिंगोलीतच सोडून आले. (पत्रकात ‘शक्यतो’ कधी असतं का?) घरी आल्यावर मी पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलं: ‘डावी कूस हाच एकमेव मार्ग!’ आणि तो फलक ताईच्या उशाशी टांगला. अण्णांनी तो वाचला आणि त्यांचा ऊर भरून आला. शिवाय ताई उजवीकडं घसरू नये म्हणून मी तिच्या पाठीमागं कापसाचं एक टणक गाठोडं ठेवलं आणि त्याच्या पलीकडं स्वतः निजले.

आता ताईची अवस्था अशी झाली: उजवीकडं वळावं तर गाठोडं, डावीकडं वळावं तर आत्या.

“बसलीस का?”

“ताई, डावीकडं हं! डावीकडं!”

“कुंदे, तू मधी बोलू नकोस. आधी तिला बसू दे.”

“बसायची गरजच नाही! हे अंधश्रद्धेचं राज्य किती दिवस चालायचं?”

“माय माय माय,” ताई म्हणायची, “तुमी दोघी बाहेर अंगणात भांडा ना!”

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, परत मोजला, आणि यंत्र बाजूला ठेवून आमच्याकडं पाहिलं.

“ही झोपते की नाही?”

“आमी दोघी तिच्याजवळच निजतो,” आत्या अभिमानानं म्हणाली.

“मी तिचं विचारतेय. हे बघा, बाळंतपण म्हणजे अंगातली सगळी ताकद लागणारं काम. न झोपलेली बाई कळा सुरू व्हायच्या आधीच थकलेली असते. कळा लांबतात. जोर लावायच्या वेळी अंगात काही उरत नाही. मग ऑपरेशन करावं लागतं. दाब असाच राहिला तर मी हिला भरती करून घेणार. दिवस भरत आलेत. हिला झोपू द्या.”

आम्ही जीपनं परतलो. ताई काचेला डोकं टेकून बसली होती आणि तिचे सुजलेले हात पोटावर होते. मला पहिल्यांदा भीती वाटली. भीती वाटल्यावर माणसानं जे करू नये तेच आम्ही केलं. आम्ही दुप्पट जोमानं कामाला लागलो! आत्यानं पदराची गाठ आणखी घट्ट केली. “आयकलंस? बाळंतपण अडतं म्हणली ती. म्या काय येगळं सांगून राहिले व्हते?” आणि मी दर थोड्या वेळानं ताईच्या कानाशी जाऊन विचारू लागले, “ताई, लागली का झोप?”

मग बाजाराचा दिवस आला. दुपारी ताईला डुलकी लागू नये म्हणून आत्या दिवसाही पदर बांधून पहाऱ्याला बसली होती आणि पहारा देता देता स्वतःच गाढ झोपली होती. मी ओसरीवर होते. एकदम आतून किंकाळी आली. धावत जाऊन बघते तर आत्या उभी, आणि ती दाराकडं निघाली की बाज तिच्यामागं खडखडत निघालेली! पदराचं टोक बाजेच्या पायाला बांधलेलं होतं. ताई गायब.

न्हाणीत नाही, गोठ्यात नाही, शेजारी नाही. परसातल्या विहिरीवर जाऊन आत्यानं आत वाकून पाहिलं आणि ती तिथंच मटकन खाली बसली. पाणी शांत होतं. पण तिचा चेहरा पाहून माझे पाय पळायला लागले ते थेट बाजारात.

बाजारात ढेकणाची पावडर विकणाऱ्याची जीप उभी होती, टपावर भोंगा. मी त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

“दीदी, मेरा धंदा है!” तो ओरडला.

“दोन मिनटं!” मी म्हणाले आणि पाहिलं तर समोर सगळा बाजार. हातात माइक, समोर जनता! मला फक्त ‘माझी ताई हरवलीय’ एवढंच सांगायचं होतं. देवाशप्पथ एवढंच! पण तोंडातून निघालं, “बंधू-भगिनींनो! आज या गावातून एक गर्भवती स्त्री नाहीशी झाली आहे! तिची झोप कुणी हिरावून घेतली? रूढींनी!”

“कोणच्या गावचे हायेत ते?” मागून एका फेटेवाल्यानं काठी उचलत विचारलं.

“ढेकण से भी नींद नहीं आती,” पावडरवाल्यानं माइकमध्ये तोंड घालून सांगितलं.

पुढच्या थोड्याच वेळात अर्धा बाजार माझ्यामागं आमच्या घराकडं निघाला. कुणी विहिरीत उतरायला दोर घेतलेला, कुणी हातात वांग्याची पिशवी, मागं भोंग्याची जीप. आणि जमाव दिसला की घोषणा दिल्याशिवाय माझ्याच्यानं चालवत नाही.

“झोप आमच्या हक्काची...”

“नाही कुणाच्या बापाची!” बाजार गरजला. भोंग्यानं ते औंढ्यापर्यंत पोचवलं असेल.

घराच्या कोपऱ्यावर आलो आणि कापसाच्या खोलीसमोर आत्या उभी दिसली. पदर खांद्यावर, बोट ओठांवर, डोळ्यांत पाणी.

“गप! एकदम गप! पुन्हा कोणी वरडलं तर त्याचं टाळकं फोडीन! माही पोर निजलीय.”

त्या वर्षी अण्णांनी कापूस विकला नव्हता. एक खोली आढ्यापर्यंत भरली होती. मी खिडकीतून वाकले. कापसाच्या ढिगात ताई रुतून बसली होती, धड बसलेली नाही, धड निजलेली नाही. पाठीला कापूस, कमरेला कापूस, गुडघ्यांखाली कापूस. तोंड उघडं. नाकाशी एक बोंडाचा पुंजका होता, तो श्वासाबरोबर वर-खाली होत होता. बाहेर अर्धा बाजार हक्काची घोषणा देत आला होता आणि ती आत खरोखरच हक्कानं घोरत होती.

पावडरवाल्यानं भोंगा बंद केला. लोक चपला हातात घेऊन आल्या वाटेनं गेले. फेटेवाला जाता जाता माझ्या कानात म्हणाला, “बाई, तेवढं भाषण ऱ्हाऊ द्या आता.”

दिवस कलला तेव्हा ताई डोक्याला कापूस चिकटलेली अशी बाहेर आली.

“कोणच्या कुशीवर निजली व्हतीस?” आत्यानं विचारलं.

“मला काय ठाव?” ताई हसली. कित्येक दिवसांनी हसली. मग उंबऱ्यावर बसली आणि हळूच म्हणाली, “आत्या, तुही ती नाळ, अन् कुंदे, तुही ती कूस. डोळा लागायला आला का वाटायचं, आता झोपेत वळले अन् लेकराचं काही झालं, तर लोक म्हणतील हिच्याच झोपेनं झालं. मंग झोप कुठून यावी?”

आत्यानं ताईच्या केसांतला कापूस वेचायला घेतला. मग म्हणाली, “माह्या पहिल्याच्या गळ्यात व्हती नाळ. समदे म्हणले, तू नीट निजली न्हाईस.”

त्या घरात मी वीस वर्षं वाढले होते. आत्याला एक लेकरू होतं हे मला माहीत नव्हतं. रूढींविरुद्धची सगळी पत्रकं मला पाठ होती. पण ती रूढी आत्याच्या घरात कशी शिरली, ती तिनं कशापायी एवढी घट्ट धरली, हे एकाही पत्रकात नव्हतं. आणि माझा फलक तरी काय सांगत होता? काही बिघडलं तर चूक बाईच्या निजण्याची, हेच. फक्त लाल शाईनं. मी तो काढला आणि चुलीत घातला.

पुढच्या खेपेला रक्तदाब उतरला होता. आत्यानं डॉक्टरीणबाईंना नाळेचं विचारलं. त्या म्हणाल्या, “आजी, बाळ पोटात फिरतं, नाळ आपोआप गुंडाळली जाते. आईच्या झोपण्यानं नाही.”

“कोणाच्याच न्हाई?”

“कुणाच्याच नाही.”

आत्यानं मान हलवली आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसून डोळे पुसले. घरी आल्यावर व्यापारी कापूस मागायला आला, तर तिनं त्याला दारातूनच परत लावलं. “माल कामात हाय.”

ताई रोज दुपारी कापसात निजायची. कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळ होती आणि ती रात्रभर झोपलेली होती. झोपले नव्हते मी. बाळंतिणीच्या हक्कांवर नवं पत्रक लिहीत बसले होते. जीपनं हिंगोलीला पोचलो. सोबत कोण येणार, असं नर्सनं विचारताच मी पदर खोचून पुढं झाले.

“आत्या येईल,” ताई कळ दाबत म्हणाली. “कुंदी नको. ती घोषणा देईल.”

मी बाहेर राहिले. वॉर्डात ताईसाठी तयार केलेली खाट होती, तिच्यावर मी जरा टेकले. फक्त पाठ टेकली, एवढंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ऑपरेशन लागलं नव्हतं. भाची झाली होती, धडधाकट. आणि माझ्या कानांना कुणीतरी रुमाल बांधला होता, अंगावर शाल होती, उशाशी कुणाच्या तरी घरचा शिरा होता. पलीकडच्या खाटेला भेटायला आलेल्या बाया माझ्याभोवती उभ्या राहून हळहळत होत्या, “बिचारीला लई तरास झाला दिसतोय.”

शेजारच्या खाटेवर ताई मांडीवर लेक घेऊन, बशीतला चहा फुंकत बसली होती. ती त्यांना म्हणाली, “हळू बोला, बाई. पहिलीच खेप हाय तिची.”