बिडीची सुटी

पंचफुलामावशीनं मला कामाला लावलं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं तिची बिडी येईल, तिचा खोकला येईल, आणि वाचणाऱ्याचं मन तिकडंच अडकेल. माझंही अडकतं. म्हणून मी स्वतःलासुद्धा रोज हेच आधी सांगते. अकोल्याच्या जिनिंगमध्ये मला मावशीनं लावलं आणि पुण्यालाही तिनंच पाठवलं. आज सकाळी उठून मी माझ्या पायांनी जिथं जाते, ती जागा तिनं करून दिलेली आहे.

आमचं गाव तेल्हाऱ्याजवळचं. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं एस.टी.नं जात होते, पण आईची कंबर धरली, घरकाम माझ्यावर आलं आणि नववीत माझी शाळा सुटली. काही वर्षं घरीच गेली. मग मी अकोल्याला मामाकडे आले. काम मिळालं तर राहायचं, नाहीतर गावी परत, आणि परत गेलं की आलेल्या पहिल्या स्थळाला हो म्हणायचं, हे मामीनं पहिल्याच दिवशी चहा देता देता सांगून टाकलं होतं.

जिनिंगच्या गेटवर चौकीदार म्हणाला, बायका भरल्या, जा. मी गेले नाही. जाणार तरी कुठं? उन्हात उभी राहिले. थोड्या वेळानं आतून आठ-दहा पुरुष बाहेर आले आणि त्यांच्यामागून एक बाई. डोक्यावर, भुवयांवर, लुगड्यावर कापसाची कूस, बारीक पांढरे तंतू. लांबून ती म्हातारी दिसत होती, जवळ आल्यावर पन्नाशीची निघाली. चौकीदाराच्या खिडकीतून तिनं आपली माचिस मागून घेतली, चिंचेखाली पडलेल्या सिमेंटच्या पाइपावर मुकादमाच्या शेजारी जाऊन बसली आणि बिडी पेटवली. मुकादमानं आपली बिडी तिच्या बिडीला लावून पेटवून घेतली. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या मी गावात पाहिल्या होत्या. पण त्या चुलीमागं ओढायच्या.

"कावून उभी हायेस वं उन्हात?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलंही नाही, मुकादमाकडं वळली. "वासुदेवभाऊ, थे कारंज्याची बाई तं येऊनच नाई राहिली. तिच्या जागी हिले लावा."

मुकादम म्हणाला, पाहू.

"पाहा ना. बिडी सरेपर्यंत पाहा."

बिडी सरायच्या आत माझं काम ठरलं होतं.

ती बाहेर कशी येते, हे मला नंतर कळलं. जिनिंगमध्ये जिकडंतिकडं कापूस, एक ठिणगी पुरे. म्हणून माचिस गेटवर जमा करायची, आणि ज्याला बिडी ओढायची त्यानं गेटबाहेर जायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. याला सगळे बिडीची सुटी म्हणायचे. बायका बिडी ओढत नव्हत्या, त्यामुळं बायकांना सुटी नव्हती. मशीनवर कापूस टाकत दिवसभर उभं राहायचं, बसायचं ते जेवणालाच. हा नियम कुणी केला, मला माहीत नाही. कुठं लिहिलेला नव्हता, पण माहीत सगळ्यांना होता.

मावशी कामाला लागली तेव्हा तिच्या पायांना सूज यायची. तिनं चौकीदाराला विचारलं, मी पण जाऊ का बाहेर? तो हसून म्हणाला, बिडी पीत असशील तर जा. दुसऱ्या दिवशी मावशी पदराच्या गाठीत बिडीचा कट्टा बांधून आली. पहिल्या झुरक्याला डोळ्यांतून पाणी आलं, पुरुषांनी मनसोक्त हसून घेतलं. मुकादमानं तिला धूर कसा सोडायचा ते शिकवलं. "पाय टेकाले गेली होती मी," मावशी सांगायची. "तिथं गेल्यावर समजलं का हापिस तं हेच हाये."

कारण त्या पाइपावर सगळं ठरायचं. कुणाला कोणत्या मशीनवर टाकायचं, सीझन किती दिवस चालेल, कुणाची सुटी मंजूर. आत मशीनच्या आवाजात मुकादमाला हाक मारली तर ऐकू जायची नाही, आणि ऐकू गेली तरी तो मुकादम असायचा. बाहेर तो वासुदेवभाऊ असायचा. ज्या बायका आधी मावशीला नावं ठेवायच्या, त्याच हळूहळू तिच्या कानाशी लागू लागल्या. मुलीचा साखरपुडा आहे, दोन दिवस पाहिजेत. फिटर अंगचटीला येतो. मावशी ऐकून घ्यायची आणि बाहेर जायची. दुसऱ्या दिवशी फिटर दुसऱ्या शेडमध्ये दिसायचा.

दारूचं मात्र तिचं वेगळं होतं. सीझन सरला की पुरुषांची पार्टी व्हायची, तिथं ती कधी गेली नाही. "बिडीपर्यंत बाई जाऊ शकते," ती म्हणायची. "बाटलीपर्यंत गेली का मंग ती बाई राहत नाई, बातमी होते." तिचा नवरा दारूनं गेला होता. त्याच्याबद्दल ती रागानं बोलत नसे. दारूनं माणसं जोडली जातात हे खोटं नाही, असं ती सरळ कबूल करायची. "माह्या मालकाच्या तिरडीले खांदा द्याले चढाओढ लागली होती," ती एकदा म्हणाली. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "दवाखान्यात न्याले एक बी नव्हता."

एकदा मीही बिडी मागितली. माझी भीती अशी की मावशी कधी आली नाही तर माझं कोण बोलणार? आपणही त्या पाइपावर बसायला शिकावं. तिनं माझ्या हातावर अशी चापट मारली की बाजूची बाई वळून पाहायला लागली. "मी पिऊन राहिली ना तुमच्यासाठी? मंग तू कावून पितं? एका खोलीले किती चुली पायजे?"

मावशीचा खोकला मी आले तेव्हापासून होताच. पुढं जिना चढताना ती मधेच थांबायला लागली आणि पदर नीट करते आहे असं दाखवायची. मी जबरदस्तीनं सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, कापसाच्या धुळीनंही झालंय आणि बिडीनंही. काम सुटत नसेल तर बिडी तरी सोडा, नाहीतर पुढं चालणंही होणार नाही. मावशीनं मान हलवली. बाहेर आल्यावर कट्टा मला दिला, म्हणाली फेकून दे.

दुसऱ्या दिवशी ती पाइपावर हातात न पेटवलेली बिडी घेऊन बसली. चौकीदार म्हणाला, विझलेल्या बिडीला सुटी नसते मावशी. तो थट्टेनं म्हणाला, सगळे हसले, मावशीही हसली. पुरुष वाईट नव्हते. दवाखान्याचं त्यांना कळलं होतं. तिला धूर लागू नये म्हणून ते उठून चिंचेच्या पलीकडं जाऊन बसू लागले. वासुदेवभाऊ तर म्हणाला, "पंचफुलाबाई, तुमच्यासमोर ओढाले आमाले चोरावानी वाटते." एवढ्या मोठ्या पाइपावर मावशी एकटी बसलेली, आणि पलीकडं काय ठरतंय ते तिला ऐकू येत नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्यातल्या दोघींना काढलं. ते मावशीला आमच्यासोबतच कळलं.

नंतरच्या सोमवारी गेटमधून पाहिलं तर ती पलीकडं, त्यांच्यात बसलेली होती. तोंडासमोर धूर होता.

मग एक दिवस दुपारी ती मशीनजवळच खाली बसली. श्वास लागला होता, बोलता येत नव्हतं. मुकादम जागेवर नव्हता. जिनिंगचा कारभार पाहणाऱ्या मुनीमजींच्या खोलीत मी आयुष्यात कधी गेले नव्हते, त्या दिवशी गेले. म्हटलं, मावशीला थोडं बाहेर हवेत बसू द्या. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढं म्हणून गेले, आम्हा सगळ्यांनाच दुपारी जरा बसायला मिळालं तर बरं होईल.

मुनीमजींनी चष्मा वर केला. "मग बसा ना. दहा मिनिटं. आळीपाळीनं जा, मशीन थांबू देऊ नका." आणि खाली पाहून पुन्हा कामाला लागले.

एवढंच. चहाला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

संध्याकाळी मावशीला सांगितलं तेव्हा ती कूस झटकायची म्हणून पदर झटकत राहिली. मग म्हणाली, "इचारलंच नाई का वं आपण?"

उत्तर तिनंच स्वतःला दिलं. "तवा इचारलं असतं तं हाकलून देल्लं असतं. तवाचा मुनीम दुसरा होता."

मुनीमजी त्या जिनिंगमध्ये मावशीच्याही आधीपासून होते. तिथं सगळ्यांना ते ठाऊक होतं, तिलाही.

"हो मावशी," मी म्हटलं. "दुसरा होता."

त्यानंतर मावशी आमच्यासोबत दुपारी बसू लागली. बिडी सुटली. खोकलाही थोडा बसला. मला वाटलं, आता ही निभावणार.

तेवढ्यात मामीनं माझ्यासाठी स्थळ काढलं. मुलगा पिणारा होता, ते मामीनंही लपवलं नाही. पुण्याला वासुदेवभाऊच्या पुतण्याच्या ओळखीनं पॅकिंगच्या कामाला पोरी घेतात, असं मी ऐकलं होतं. पण त्याला विचारायचं कुणी? मी मावशीजवळ फक्त रडले, काही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या सुटीत ती उठली. म्हणाली, येतो मी. चिंचेच्या पलीकडं गेली, वासुदेवभाऊकडून एक बिडी मागून घेतली आणि त्याच्याच बिडीवर पेटवली. मी या बाजूनं पाहत होते. मधेमधे ती खोकत होती आणि हात वर करून त्याला म्हणत होती, थांबा, बोलतो. परत आली तेव्हा ओठ काळे-निळे पडले होते. "अमरावतीहून येनारी पुन्याची गाडी हाये," ती म्हणाली. "पुतण्या ठेसनावर घ्याले येईल. मामीले मी पाहतो."

ती बिडी न पेटवलेलीच राहिली असती तर वासुदेवभाऊनं ऐकलं असतं का? मुनीमजींसारखाच तोही म्हणाला असता का, घ्या की? इथं पुण्यात आमच्या कंपनीत काचेची खोली आहे, सिगारेट ओढायला. सुपरवायझर तिथं जातात, त्यांच्यासोबत जाणाऱ्यांची नावं त्यांना पाठ असतात. माझं नाव त्यांना अजून माहीत नाही. त्या काचेसमोरून जाताना दर वेळी मी हा हिशेब करायला घेते आणि दर वेळी मधेच सोडून देते. मावशीचं म्हणणं मला पटतं आणि डॉक्टरांचंही.

मावशी आता अचलपूरला लेकीकडं असते. श्वासाचं मशीन लावलेलं असतं. फोनवर दोन शब्द बोलते, थांबते, पुन्हा दोन शब्द. जेवली का, विचारते. परवा म्हणाली, "तुले सांगू? त्या पाइपावर मी... कदी नुसती बसलीच नाई. काई ना काई... कोनाचं काम घेऊनच बसली."

मी चौघींसोबत एका खोलीत राहते. काम जाईल या भीतीनं गजर व्हायच्या आधीच जाग येते. पण एक दिवस माझी स्वतःची खोली असेल. मी अचलपूरला येईन आणि तुला घेऊन जाईन, मावशी. दाराशी खुर्ची टाकीन. तिथं तुला कुणाचं काम काढायचं नसेल, कुणाला विचारायचं नसेल. तू नुसती बसशील, आणि मी शेजारी बसेन. तोवर श्वास घेत राहा. तुझं हे बसणं माझ्याकडं बाकी आहे.